मागणीबरहुकूम इलेक्ट्रिक गिटार: घेण्याआधी काय तोलावे

मागणीबरहुकूम इलेक्ट्रिक गिटार म्हणजे ग्राहकाने लाकूड, रंग, नेकची जाडी, पिकअप असे सगळे ठरवून दिल्यावर मगच बनवायला घेतलेली गिटार. दुकानात टांगलेल्या गिटारीचे निर्णय कारखान्याने आधीच घेतलेले असतात. ती हातात घ्यायची, वाजवून बघायची, पटली तर पैसे मोजायचे. मागणीच्या गिटारीत हा क्रम उलटतो. पैसे आधी भरायचे, काही महिने थांबायचे, आणि वाद्य पहिल्यांदा हातात येते तेव्हा ते आपले झालेलेच असते. या व्यवहाराचे बहुतेक फायदे आणि तोटे या उलट्या क्रमातूनच निघतात.

अशा मागणीचे दोन स्तर आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. एका स्तरावर कारागीर किंवा मोठ्या कंपनीचा खास विभाग वादकाशी बोलून एकेक वाद्य घडवतो. फेंडर कंपनीने १९८७ साली आपला कस्टम शॉप सुरू केला तो याच कामासाठी. तिथल्या किमती सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर असतात. दुसऱ्या स्तरावर कंपनीचे साचे ठरलेले असतात, पण त्या साच्यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला पर्यायांची लांब यादी असते. ग्राहक यादीवर खुणा करतो आणि कारखाना त्या खुणांप्रमाणे गिटार जुळवतो. नोकरी करून, पैसे साठवून वाजवणाऱ्या माणसाला परवडू शकतो तो हा दुसरा प्रकार. पुढचे विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

या प्रकारातले जगभर ठाऊक असलेले नाव म्हणजे कॅलिफोर्नियातली कीझल. हवाईयन पद्धतीची स्टील गिटार वाजवणाऱ्या लॉवेल कीझल यांनी १९४६ साली लॉस एंजेलिसमध्ये गिटारीचे पिकअप बनवायला सुरुवात केली. १९४९ मध्ये त्यांनी कार्सन आणि गॅविन या आपल्या मुलांच्या नावांतली अक्षरे जोडून कंपनीला कार्विन हे नाव दिले. माल दुकानदाराच्या हाती न देता छापील यादी टपालाने पाठवायची आणि मागणी थेट घ्यायची, ही कार्विनची रीत पुढे इंटरनेटवर आली. २०१५ साली गिटारीचा व्यवसाय ध्वनियंत्रणेच्या व्यवसायापासून वेगळा झाला आणि कुटुंबाच्याच कीझल या नावाने एस्कोन्डिडो गावात चालू लागला. ॲलन होल्ड्सवर्थ आणि जेसन बेकर या वादकांच्या नावाने निघालेल्या गिटारींमुळे ती जाणकारांच्या बोलण्यात राहिली. मधला दुकानदार नसल्यामुळे त्याचा नफा वाचतो आणि त्याच पैशांत वरच्या दर्जाचे वाद्य मिळते, हा या पद्धतीचा पहिला आणि खरा फायदा आहे.

वाद्य सांगून करून घेणे ही गोष्ट कोकणाला नवखी नाही. राजापूर तालुक्यातले भजनी मंडळ पेटी घ्यायला निघते तेव्हा बुवांचा आवाज कुठल्या पट्टीत लागतो, सूर खर्ज-नर हवेत की नर-मादी, पालिताण्याचे रीड घालायचे का, भाता किती ओढीचा हवा, हे सगळे पेटीवाल्याला आधी सांगितले जाते. पखवाजही बुवांच्या पट्टीला जुळणारा बघूनच घेतात. डबलबारीच्या भजनी सामन्यात वरच्या पट्टीत तासन्‌तास गाणाऱ्या बुवांना बाजारातली कुठलीही पेटी चालत नाही आणि मंडळातल्या पोरांनाही ते कळते.

घाटावर मिरजेत तर ही पद्धत दीडशेहून अधिक वर्षे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवायला घेतली आणि त्यांच्या वंशजांना सतारमेकर हेच आडनाव पडले. पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून येणारा मोठा कडू भोपळा, तुणीचे लाकूड आणि घोडीवर हाताने काढलेली जवारी यांवर ही वाद्ये उभी राहतात. गायक पुरुष की स्त्री, पट्टी कोणती, जवारी खुली हवी की बंद, हे विचारल्याशिवाय चांगला कारागीर तंबोऱ्याला हात घालत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, तेव्हापासून मोठमोठ्या गवयांची ये-जा या कारागिरांच्या दारात असते आणि त्यांचे कान त्या सहवासात तयार झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रिक गिटारीच्या मागणीचा विचार करताना मिरजेचे हे उदाहरण पुढे पुन्हा उपयोगी पडेल, कारण तिथे जे समोरासमोर होते ते इथे हजारो मैलांवरून करावे लागते.

आता यादीत नेमके असते काय ते पाहू. यादीतल्या काही गोष्टी हाताला कळतात, काही कानाला आणि काही फक्त डोळ्याला. किमतीतला फरक मात्र या क्रमाने पडत नाही.

हाताला कळणाऱ्या गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या. वरच्या खाचेपासून ब्रिजपर्यंत तारेची जी लांबी मोकळी कंप पावते तिला स्केल म्हणतात. फेंडरच्या गिटारींत ती सहसा साडेपंचवीस इंच असते, गिब्सनच्या लेस पॉलमध्ये पावणेपंचवीसच्या आसपास. हा पाऊण इंच कागदावर क्षुल्लक दिसतो. पण लहान स्केलवर तारा सैल लागतात, बोटे जवळजवळ पडतात आणि मींड काढणे सोपे जाते. मोठ्या स्केलवर तार ताठ राहते आणि खालच्या पट्टीत लावली तरी ढिली पडत नाही. नेकची जाडी आणि तिच्या पाठीची गोलाई, फ्रेटबोर्डचा बाक, फ्रेटची उंची आणि धातू हेही हातानेच ओळखायचे. फ्रेट सहसा निकेल मिसळलेल्या मऊ धातूचे असतात आणि ते वर्षानुवर्षांच्या वाजवण्याने झिजतात. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट जास्त पैसे घेतात, पण फार टिकतात. डावखुऱ्या वादकाला दुकानात एखाददुसरीच गिटार मिळते. सात किंवा आठ तारांची, किंवा डोके नसलेली हलकी गिटार हवी असेल तर आपल्याकडच्या दुकानांत निवड जवळजवळ नसतेच. अशा वादकासाठी मागणी ही चैन नसून एकमेव वाट असते.

कानाला कळणाऱ्या गोष्टींत पिकअप सर्वांत वर. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार त्याच्यावर हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. एकेरी गुंडाळीचा पिकअप स्वच्छ, धारदार वाजतो, पण आसपासच्या विजेचा गुणगुणाटही उचलतो. १९५५ साली गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून हा गुणगुणाट मारणारा हंबकर तयार केला. त्याचा आवाज जाड आणि भरदार असतो. लाकडाचा आवाजावर किती परिणाम होतो यावर गिटारवाल्यांत कायम वाद चालतो. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारीत तो सतारीच्या किंवा साध्या गिटारीच्या मानाने कमीच, असे म्हणायला हरकत नाही, कारण इथे आवाज लाकडाच्या पोकळीतून येत नसून पिकअपमधून येतो. लाकडाने वजन ठरते आणि नेक किती स्थिर राहील ते ठरते. तेवढ्यासाठी लाकूड जरूर निवडावे, पण मुख्यतः आवाजासाठी म्हणून महाग लाकडावर पैसा घालू नये.

उरल्या डोळ्याच्या गोष्टी: रंग, लाकडाची नक्षीदार फळी, फ्रेटबोर्डवरचे शिंपल्याचे जडावकाम, डोक्याचा आकार. यादीत सर्वाधिक पाने यांचीच असतात आणि मूळ किमतीवर चढत जाणारी बरीचशी रक्कमही यांच्याच पायी. गिटार सुंदर असावी असे वाटण्यात काही गैर नाही. सुंदर वाद्य माणूस जास्त वेळा हातात घेतो. पण पिकअप किंवा फ्रेट यांत हात आखडता घेऊन तो पैसा रंगावर घालणे हा सौदा वाजवणाऱ्याच्या तोट्याचा आहे.

मागणीचा मोठेपणा कुठे दिसतो ते पाहायचे तर गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या गिटारीकडे पाहावे. झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर त्यांनी सत्तरच्या दशकात शक्ती हा वाद्यमेळ काढला. रागसंगीतातली मींड आणि गमक त्यांना गिटारीवर हवी होती आणि ती बाजारातल्या वाद्यावर नीट निघत नव्हती. कारागीर एब्रॅहम वेक्टर यांनी त्यांच्यासाठी जी गिटार घडवली तिच्यात मुख्य तारांखालून तिरप्या जाणाऱ्या तरफेच्या तारा होत्या आणि फ्रेटबोर्ड दोन फ्रेटच्या मध्ये कोरून खोलगट केलेला होता. त्यामुळे बोट लाकडाला न टेकता तार खोल दाबता येते. ही गिटार विजेची नव्हती, पण मुद्दा तोच राहतो: आधी संगीताची गरज स्पष्ट होती, मग वाद्य आले. आज असा कोरलेला फ्रेटबोर्ड काही कंपन्यांच्या यादीत एक साधा पर्याय म्हणून मिळतो. ज्याला त्याची गरज आहे त्याला ते वरदान आहे. ज्याला नाही, त्याच्या हातून तार जास्त दाबली जाऊन प्रत्येक सूर चढा लागेल.

इथेच पहिला मोठा तोटा उभा राहतो. न वाजवलेल्या वाद्याबद्दल पंधरा-वीस निर्णय घ्यायचे तर आपल्या हाताला काय रुचते हे आधी पक्के ठाऊक हवे. नेकची जाडी मिलिमीटरमध्ये वाचून कळत नाही. पडद्यावर गर्द निळा दिसलेला रंग उन्हात जांभळट निघू शकतो. लाकडाची रेघ प्रत्येक फळीत वेगळी असते, त्यामुळे छायाचित्रातली गिटार आणि आलेली गिटार यांत फरक राहणारच. चूक कंपनीची असेल तर ती दुरुस्त करून मागता येते. निवड चुकली असेल तर दाद कुणाकडे मागणार? कंपन्या साध्या, खपणाऱ्या पर्यायांपुरती परतीची मुभा ठेवतात. ग्राहकाने अगदी खास काही मागितले की ती मुभा बहुधा जाते, आणि ते न्याय्यही आहे, कारण ती गिटार दुसरे कोण घेणार?

पुनर्विक्रीचा प्रश्नही याच पोटी येतो. नेहमीच्या रंगाची फेंडर किंवा गिब्सन विकायला काढली तर घेणारा लवकर भेटतो. मागणीची गिटार ही एका माणसाची आवड असते. तिच्या पर्यायांवर घातलेल्या पैशातला फार थोडा परत मिळतो. भारतात तर त्या नावाची ओळख असणारे ग्राहकच मोजके, म्हणून घट आणखी मोठी होते.

किमतीचा हिशेब करताना परदेशी यादीवरचा आकडा रुपयांत बदलून थांबणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. त्यावर जहाज किंवा विमानाचे भाडे, विमा, सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क चढते. सीमाशुल्क केवळ गिटारीच्या किमतीवर नव्हे, तर भाडे आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर आकारले जाते. मागणी आणि पाठवणी यांत काही महिने जात असल्याने डॉलरचा भावही मधे हलतो. वाचलेला दुकानदाराचा नफा या सगळ्यात बराचसा विरून जातो. म्हणजे अमेरिकेतल्या ग्राहकाला या पद्धतीचा जो पहिला फायदा मिळतो, तो कोकणातल्या ग्राहकापर्यंत पोचतोच असे नाही.

राजापूरच्या हवेचा हिशेब वेगळा करावा लागतो आणि तो कुठल्याच कंपनीच्या यादीत नसतो. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आठवडेच्या आठवडे हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात राहते. गिटारीला साधारण चाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत जुळवलेली गिटार जुलैत राजापूरच्या अर्जुना नदीकाठी आली की तिचे लाकूड पाणी शोषते आणि नेकचा बाक बदलतो. तारा कधी फ्रेटवर घासून खरखरतात, कधी उंच चढून बोटे दुखवतात. नेकच्या आत बसवलेल्या ट्रस रॉड या पोलादी सळईला किल्लीने थोडे फिरवून हा बाक सुधारता येतो. हे काम शिकण्यासारखे आहे. कोकणात गिटार ठेवणाऱ्याने ते शिकावेच. खारट वारा तारा, स्क्रू आणि ब्रिज गंजवतो. दमट हवेत आवाजाच्या बटणांतून खरखर येऊ लागते.

गंमत अशी की याच बाबतीत मागणीची पद्धत तयार गिटारीपेक्षा सरस ठरू शकते, जर मागणी हवा ओळखून केली तर. कीझलच्या नेकमध्ये ट्रस रॉडच्या जोडीला कार्बन फायबरच्या दोन सळ्या असतात आणि त्या नेकला ओलाव्यात वाकण्यापासून सावरतात. भट्टीत भाजून पाणी काढलेल्या मेपलचा नेक मागता येतो. असे लाकूड ओलावा कमी शोषते. एकाच लांब पट्टीऐवजी तीन किंवा पाच पट्ट्या चिकटवून केलेला नेक जास्त स्थिर राहतो. फ्रेट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. लाकडावर नुसते तेल लावलेला पृष्ठभाग हाताला छान लागतो, पण राजापूरसारख्या ठिकाणी जाड, बंद लेप जास्त शहाणपणाचा. हंबकर घेतला तर घरातल्या विजेचा गुणगुणाट खूपच कमी होतो. या सगळ्या पर्यायांची मिळून होणारी वाढ एखाद्या भपकेबाज फळीच्या किमतीच्या आसपास राहू शकते आणि वाद्याचे आयुष्य तेच वाढवतात.

फ्रेटबोर्डच्या लाकडाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ब्राझीलच्या शिसवीवर निर्बंध आल्यावर जगभरच्या गिटार कंपन्या भारतीय शिसवीकडे वळल्या. सह्याद्रीत वाढणारा हाच वृक्ष. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या वंशातल्या सर्व झाडांचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये परवान्याखाली आला. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरअखेर. त्यामुळे शिसवीच्या फ्रेटबोर्डची गिटार मागवताना आता कागदपत्रांची मोठी अडचण राहिलेली नाही. पण आपल्याच डोंगरातल्या झाडाची पट्टी अमेरिकेला जाऊन तिथून भाडे भरून परत येते, तेव्हा भारतात चांगली विजेची गिटार घडवणाऱ्या कारागिरांना मागणी का मिळू नये, हा प्रश्न ग्राहकाने स्वतःला एकदा विचारावा. असे कारागीर आपल्या देशात आता आहेत. त्यांच्याकडे जाऊन नेक हातात धरून बघता येतो, आणि ही सोय कुठल्याही यादीपेक्षा मोठी आहे.

कारण वाद्याचा व्यवहार ते घरी आल्यावर संपत नाही. मिरजेहून घेतलेल्या तंबोऱ्याची जवारी काही वर्षांनी बसते. तो अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरमार्गे मिरजेला नेला की ज्या घरात तो घडला तिथेच जवारी पुन्हा काढून मिळते. कॅलिफोर्नियाहून आलेल्या गिटारीत दोष निघाला तर हमी कागदावर असते, पण दोन्ही वेळचे भाडे, परत येताना सीमाशुल्काची कागदपत्रे आणि महिन्यांचा खोळंबा ग्राहकाच्या वाट्याला येतो. राजापुरात इलेक्ट्रिक गिटार बघणारा तंत्रज्ञ सहजी मिळत नाही. त्यासाठी कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, किंवा गोव्याकडे जावे लागते, जिथे गिटारीची परंपरा जुनी आहे. म्हणून मागणी पाठवण्याआधी जवळच्या शहरातल्या एखाद्या भरवशाच्या तंत्रज्ञाशी ओळख असणे हे रंग ठरवण्यापेक्षा महत्त्वाचे.

तुलनेसाठी तयार गिटारीची बाजूही नीट मांडली पाहिजे. आज कोरिया, इंडोनेशिया आणि चीनमध्ये बनणाऱ्या मध्यम किमतीच्या गिटारी वाजवायला खरोखर चांगल्या असतात. यंत्राने कापलेल्या बॉडी आणि नेक अचूक निघतात. अमेरिकेतली मागणीची गिटारही बरीचशी त्याच जातीच्या यंत्रांवर कापली जाते आणि शेवटचा हात तेवढा माणसाचा लागतो. मुंबईत धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत जाऊन पाच-सात गिटारी वाजवून बघाव्यात, त्यातली हाताला बसेल ती घ्यावी आणि तंत्रज्ञाकडून फ्रेट घासून, तारांची उंची लावून, हवे तर पिकअप बदलून घ्यावेत. मागणीच्या गिटारीतून मिळणाऱ्या समाधानाचा मोठा भाग यातून निम्म्याहून कमी खर्चात मिळतो. राजापूरकरांचे नातेवाईक मुंबईत असतातच, त्यामुळे ही फेरी कुणाला जड नाही.

मग मागणी कुणी करावी? ज्याने निदान पाच-सहा वर्षे नेमाने वाजवले आहे, दोन-तीन वेगळ्या स्केलच्या गिटारी हाताळल्या आहेत आणि त्यांत काय खटकते ते जो नेमक्या शब्दांत सांगू शकतो, त्याने. डावखुऱ्याने, सात-आठ तारा वाजवणाऱ्याने, पाठीच्या दुखण्यामुळे हलकी गिटार लागणाऱ्याने तर अवश्य करावी. त्याने पर्यायांची यादी भरताना आधी नेक, फ्रेट, पिकअप आणि लेप ठरवावेत आणि उरलेल्या पैशांत रंग बघावा. परतीच्या अटी, हमी आणि पाठवण्याचा अंदाजे महिना लेखी घ्यावा. गिटार पावसाळ्यात पोचणार नाही अशा बेताने मागणी पाठवावी. आली की पेटीत एक-दोन दिवस तशीच राहू द्यावी, मग काढावी. आणि जो अजून पहिलीच गिटार घेतो आहे, त्याने ही वाट धरू नये. त्याने दुकानात जावे, वाजवून बघावे आणि वाचलेले पैसे चांगल्या शिक्षकाला द्यावेत.